डेलिशियस: एका विशेषणाचं मूळ आणि त्या नावाच्या सफरचंदाची चव

वाशीच्या फळबाजारात सफरचंदाच्या पेट्यांवर ‘रॉयल डेलिशियस’, ‘रेड डेलिशियस’, ‘गोल्डन डेलिशियस’ अशी नावं छापलेली असतात. डेलिशियस हे मुळात इंग्रजीतलं विशेषण, अर्थ अतिशय रुचकर. बाजारात मात्र ते विशेषनाम झालं आहे. ‘डेलिशियस काय भाव?’ असं विचारणाऱ्याच्या मनात चवीचा विचार असतोच असं नाही, त्याला ते खालच्या बाजूला पाच उंचवटे असलेलं लांबट लाल फळ हवं असतं. अमेरिकेत तर लाल डेलिशियसची ख्याती नेमकी उलटी झाली: दिसायला देखणं, खायला फिकं. चवीचं नाव घेऊन बाजारात आलेल्या फळाची चवच कशी गेली, हे इथे पाहू. शब्दापासून सुरुवात करावी लागेल, कारण नाव ठेवणाऱ्यानं जे केलं ते त्या शब्दाच्या अर्थातच आहे.

शब्द

डेलिशियस इंग्रजीत आला १३०० च्या सुमारास, जुन्या फ्रेंचमधून. फ्रेंचनं तो घेतला उत्तरकालीन लॅटिनमधल्या ‘देलिकिओसुस’वरून, आणि त्याच्या मुळाशी आहे लॅटिन ‘देलिकिए’. हे नाम अनेकवचनीच वापरतात. त्याचे अर्थ सुख, चैन, लाड, आणि ज्याचे लाड करावेत ते माणूस किंवा पाखरू. रोमन कवी कातुल्लुसनं प्रेयसीच्या पाळीव चिमणीला हाच शब्द लावला आहे.

आणखी एक पायरी खाली उतरलं की क्रियापद सापडतं. ‘दे’ म्हणजे दूर, बाजूला. ‘लाकेरे’ म्हणजे भुलवणं, जाळ्यात ओढणं. दोन्ही मिळून ‘देलिकेरे’, म्हणजे भुरळ घालून वाटेवरून बाजूला नेणं. फास या अर्थाचा ‘लाक्वेउस’ हा लॅटिन शब्द याच कुळातला मानतात. बुटाची लेस आणि गुरांवर टाकायचा लॅसो हे दोन्ही त्या ‘लाक्वेउस’चे वंशज. डिलाइट, डिलेक्टेबल, इटालियनमार्गे आलेला डिलेटांट आणि बोलतं करणं या अर्थाचा एलिसिट हीसुद्धा याच ‘लाकेरे’ची लेकरं. डिलाइटच्या स्पेलिंगमधली जी-एच ही अक्षरं मात्र उपरी आहेत. सोळाव्या शतकात ‘लाइट’च्या वळणावर ती घुसली, व्युत्पत्तीशी त्यांचा संबंध नाही.

सुरुवातीला डेलिशियस हे जिभेपुरतं नव्हतं. कुठल्याही इंद्रियाला किंवा मनाला सुखावणारं ते डेलिशियस, आणि चैनीत लोळणारा माणूसही डेलिशियस. पुढे अर्थ आकसत मुख्यतः चव आणि वास यांवर स्थिरावला. आजच्या इंग्रजीत ‘व्हेरी डेलिशियस’ कानाला खटकतं, ‘ॲब्सोल्यूटली डेलिशियस’ चालतं, कारण ‘अतिशय’ हा भाग शब्दातच भरलेला आहे. ‘टेस्टी’ त्याहून बरंच सौम्य, म्हणजे चव बरी आहे इतकंच. आपला ‘स्वादिष्ट’ या बाबतीत डेलिशियसच्या जवळचा: संस्कृतातलं ‘स्वादिष्ठ’ हे ‘स्वादु’चं तमभावाचं, म्हणजे ‘सर्वांत अधिक’ सांगणारं रूप, आणि ऋग्वेदाच्या नवव्या मंडलाचा पहिला शब्दच ‘स्वादिष्ठया’ आहे. स्वादु आणि इंग्रजी स्वीट एकाच मूळ धातूचे. डेलिशियसचं कूळ वेगळं, त्याच्या पोटात गोडीऐवजी भुरळ आहे.

झाड, जत्रा आणि नाव

अमेरिकेच्या आयोवा राज्यात मॅडिसन काउंटीतल्या पेरू या गावाजवळ जेसी हायट नावाच्या शेतकऱ्याची बाग होती. १८७० च्या दशकात त्याच्या ओळींच्या मध्ये एक आगंतुक रोप उगवलं. ओळीत बसत नाही म्हणून त्यानं ते कापलं, तर ते पुन्हा फुटलं. दोनदा कापूनही आलं, तेव्हा त्यानं राहू दिलं. बियांपासून आलेलं सफरचंद आईबापांसारखं निघत नाही. बहुतेक रोपांची फळं आंबट, बारीक आणि टाकाऊ असतात. हे निघालं रसाळ, सुवासिक, लांबट, पिवळट सालीवर लाल रेघांचं. हायटनं त्याला आयोवाच्या टोपणनावावरून ‘हॉकआय’ म्हटलं.

त्याच काळात मिसूरी राज्यातल्या लुइझियाना या गावातली स्टार्क ब्रदर्स ही १८१६ पासूनची रोपवाटिका नव्या वाणाच्या शोधात होती. तेव्हा बाजारात ‘बेन डेव्हिस’ या वाणाचं राज्य होतं. रंगाला छान, प्रवासाला टणक, खायला बुचाच्या लाकडासारखं. बागायतदार त्याला ‘गहाण सोडवणारं’ म्हणत, कारण पैसा येई. त्याची जागा घेईल असं चवदार फळ मिळावं म्हणून स्टार्कनं १८९३ च्या सुमारास फळांची स्पर्धा भरवली. हॉकआय क्लॅरन्स स्टार्कच्या तोंडात पडलं आणि तो म्हणाला, ‘डेलिशियस!’ वहीत जपून ठेवलेल्या नावांपैकी हे एक होतं, असंही कंपनीच्या कथेत सांगतात. पाठवणाऱ्याची चिठ्ठी हरवली होती म्हणे, त्यामुळे पुढच्या वर्षी हायटनं पुन्हा फळं पाठवेपर्यंत थांबावं लागलं. मग हक्क विकत घेतले गेले आणि हॉकआयचा डेलिशियस झाला. हायट १८९८ मध्ये वारला.

‘हॉकआय’ या नावात फळाबद्दल काहीच नाही, फक्त जन्मगाव आहे. ‘डेलिशियस’मध्ये निवाडा आहे, आणि तोही विकणाऱ्यानं दिलेला. धंद्याच्या नजरेनं हे नाव उत्तम होतं, पण त्यात दोन गोम होत्या. पहिली, वर्णन करणारा शब्द कुणाच्या एकट्याच्या मालकीचा करणं अवघड. दुसरी, त्या काळी अमेरिकेत झाडांवर पेटंट नव्हतं, तो कायदा आला १९३० मध्ये. एकदा रोप विकलं की घेणारा त्याच्या डोळ्यावरून, म्हणजे फांदीवरच्या कोंबावरून, हवी तितकी कलमं बांधायला मोकळा. रोपवाटिकेला धंदा टिकवायचा तर दर काही वर्षांनी ‘सुधारलेला डेलिशियस’ आणणं भाग होतं. पुढचं बरंचसं महाभारत याच गरजेतून घडलं.

नावाची कमाई इतकी की १९१४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या क्ले काउंटीत मुलिन्स यांच्या शेतावर एक पिवळं सफरचंद सापडलं, तेव्हा स्टार्कनं ते झाड ५,००० डॉलरना घेतलं, भोवती पिंजरा बांधला आणि नाव ठेवलं ‘गोल्डन डेलिशियस’. दोघांचं रक्ताचं नातं काही नाही, फक्त आडनाव एक. वेगळं ओळखता यावं म्हणून मग जुन्याला ‘रेड’ जोडावं लागलं.

लाल फांदीचा पाठलाग

सफरचंदाच्या झाडावर कधीकधी एखाद्याच फांदीची फळं बाकीच्यांहून वेगळी निघतात. डोळ्यातल्या पेशीत बदल झालेला असतो. ती फांदी कापून कलमं बांधली की नवा उपवाण तयार. १९२० च्या दशकात न्यू जर्सीतल्या एका बागेत डेलिशियसच्या झाडावर अशी फांदी सापडली. तिची फळं बाकीच्या झाडाच्या आधी लाल व्हायची, आणि रेघांऐवजी सगळीकडून लाल. स्टार्कनं ती घेतली, तीच ‘स्टार्किंग’. त्यानंतर रिचार्ड, स्टार्क्रिमसन, रेड चीफ, ओरेगन स्पर अशी रांग लागली. १९३० नंतर अशा फांदीवर पेटंटही मिळू लागलं, म्हणजे शोधायला आणखी कारण.

प्रत्येक वेळी निवड झाली ती डोळ्यांनी. अमेरिकेच्या सरकारी प्रतवारीत लाल वाणांच्या ‘एक्स्ट्रा फॅन्सी’ दर्जासाठी सालीचा ६६ टक्के भाग चांगला लाल लागतो, ‘फॅन्सी’साठी ४० टक्के. आकार, डाग, जखमा, रंग हे सगळं तिथे मोजलं जातं. चवीचा रकाना नाही. सुपरमार्केटचा खरेदीदारही उजेडाखाली मांडलेलं फळ पाहूनच भाव लावायचा. गडद रंगाला जास्त भाव मिळतो म्हटल्यावर बागायतदार जुनी झाडं काढून गडद उपवाण लावणार, त्यात त्याचा दोष काढण्यात अर्थ नाही.

नुकसान रंगानं थेट केलं नाही, आडून केलं. हे समजून घ्यायला सालीकडे नीट पाहावं लागतं. हॉकआयच्या लाल रेघांमधून खालचा मूळ रंग दिसतो. फळ कच्चं असताना तो हिरवा असतो, तयार होताना पिवळट, पिकल्यावर पिवळा. तोडणारा माणूस लाल रंगाकडे बघतच नाही, तो देठाजवळच्या खळग्यात आणि रेघांच्या फटीत बघतो. पूर्ण लाल उपवाणात ही खिडकीच बंद झाली. शिवाय त्यांची साल फळ तयार व्हायच्या कितीतरी आधी लाल होते. बाग लालबुंद दिसते, हंगामाच्या सुरुवातीचा भाव चढा असतो, आणि आत गर अजून पिष्टमय, म्हणजे स्टार्चनं भरलेला. असं फळ तोडलं की त्यातल्या पिष्टाची पुढे साखर होते, म्हणून ते गोड लागतं. सुवास मात्र झाडावरच्या शेवटच्या आठवड्यांत जमतो. तो राहून जातो.

डेलिशियसच्या बाबतीत हे जास्त महागात पडतं, कारण त्याच्यात आम्ल फारच कमी. मॅलिक आम्ल जेमतेम पाव टक्का, ग्रॅनी स्मिथच्या तुलनेत एक-तृतीयांशाच्याही आसपास. आंबटपणाचा आधार नाही, गोडी मध्यम, म्हणजे चव सगळी उभी आहे सुवासावर. हा सुवास मुख्यतः एस्टर या गटातल्या द्रव्यांचा असतो. ती गेली की जिभेवर गोडसर पाणी उरतं, आणि जाड लाल सालीचा कडवटपणा वर येतो. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

शीतगृहात काय होतं

दुसरा घाव साठवणीचा. नियंत्रित वातावरणाच्या कोठीत तापमान ० अंशाच्या जवळ, ऑक्सिजन १ ते ३ टक्के आणि कार्बन डायऑक्साइडही साधारण तितकाच ठेवतात. फळाचा श्वास मंदावतो, फळ पिकवणारा इथिलीन वायू कमी तयार होतो, गर महिनोन्‌महिने घट्ट राहतो. पण एस्टर तयार व्हायला इथिलीन आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. फार काळ कोठीत राहिलेलं फळ बाहेर काढल्यावर मऊ होतं, तरी त्याला पूर्वीचा सुवास धरता येत नाही. इथिलीनचा परिणाम अडवणारं १-एमसीपी हे द्रव्य अमेरिकेत २००२ पासून वापरात आलं. त्यानं घट्टपणा आणखी टिकला. सुवासाचं गणित मात्र तेच राहिलं.

कोठी नीट नसेल किंवा फळ उशिरा तोडलं असेल तर उलट बाजूचा बिघाड होतो. गर पिठूळ पडतो. ताज्या सफरचंदात दात रोवला की पेशी फुटतात आणि रस बाहेर येतो. पिठूळ फळात पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा थर सैल झालेला असतो, त्यामुळे त्या न फुटता सुट्या होतात. रस आत कोंडलेलाच राहतो आणि तोंडात ओला भुसा चघळल्यासारखं वाटतं. वजन करून पाहिलं तर पाणी तितकंच भरेल, जिभेला ते मिळत नाही.

गाभ्याची बुरशी हा या वाणाचा खास रोग. फळाच्या खालच्या टोकाशी, वाळलेल्या फुलाच्या जागी, गाभ्यापर्यंत जाणारी नळी डेलिशियसमध्ये अनेकदा उघडी राहते. बुरशी फुलाच्या वेळीच आत शिरते. बाहेरून फळ निर्दोष, चिरल्यावर बियांभोवती काळं. पेटी निवडताना हे हातानं कळत नाही. चार फळं चिरून बघणं हाच उपाय.

घसरण

१९८० च्या दशकात वॉशिंग्टन राज्यातल्या सफरचंदांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश रेड डेलिशियस होती. एवढा माल एका नावावर उभा, आणि गिऱ्हाईक हळूहळू गाला, फुजी, ग्रॅनी स्मिथकडे वळत गेलं. १९९७ नंतरच्या तीन वर्षांत अमेरिकन सफरचंद उत्पादकांचं नुकसान सुमारे ७६ कोटी डॉलरवर गेलं आणि २००० मध्ये संसदेला त्यांच्यासाठी मदत मंजूर करावी लागली. जास्त पीक आणि परदेशी स्पर्धा ही कारणंही होती, सगळं खापर चवीवर फोडता येणार नाही. पण पर्याय दिसताच गिऱ्हाईक इतक्या सहज निघून जातं, यातच फळाबद्दलचा कौल आहे. २०१८ मध्ये अमेरिकी सफरचंद संघटनेनं अंदाज दिला की उत्पादनात गाला पहिल्या क्रमांकावर जाईल.

गंमत अशी की गाला ही गोल्डन डेलिशियसची लेक आणि दुसऱ्या बाजूनं मूळ डेलिशियसची नात. फुजी हा जपानमध्ये रेड डेलिशियस आणि रॉल्स जेनेट यांच्या संकरातून आलेला. म्हणजे हायटच्या झाडाचा गुण वाया गेला नव्हता. पुढच्या पिढ्या चव पाहून निवडल्या गेल्या, आणि ‘डेलिशियस’ नावाच्या पाटीखाली मात्र रंगाचीच निवड चालू राहिली. बेन डेव्हिसला हटवायला आणलेलं फळ शेवटी बेन डेव्हिसच्या जागी जाऊन बसलं.

आपल्याकडे

हिमाचलात सफरचंद आधीपासून होतं. कॅप्टन ली यांनी १८७० मध्ये कुलू खोऱ्यात बंद्रोलला इंग्लंडहून वाण आणून लावले होते, पण ते बरेचसे आंबट, आपल्या जिभेला न मानवणारे. फिलाडेल्फियाहून आलेले सॅम्युअल स्टोक्स, पुढचे सत्यानंद स्टोक्स, यांनी १९१६ मध्ये शिमल्यापलीकडच्या कोटगढ भागात अमेरिकी कलमं लावली आणि डेलिशियस कुळाचा पाया तिथे पडला. आंबटपणा कमी असणं हा अमेरिकेत पुढे दोष ठरला. इथे मात्र त्याच गुणावर फळ रुजलं. आज हिमाचलात रॉयल डेलिशियस हा मुख्य वाण, काश्मीरच्या मालातही डेलिशियसचाच मोठा वाटा.

अमेरिकेतल्या चुका इथेही गिरवल्या जातात. हंगामाच्या तोंडाला रंग लवकर यावा म्हणून काही बागांत इथेफॉन फवारतात. त्यातून इथिलीन सुटतं, साल लाल होते आणि फळ आतून झपाट्यानं म्हातारं होतं. असा माल मुंबईपर्यंत येईतो मऊ पडतो, साठवायला तर बिलकूल चालत नाही.

वॉशिंग्टनचं रेड डेलिशियस भारतात बरंच येत असे. २०१९ मध्ये भारतानं त्यावर २० टक्के जादा शुल्क लावल्यावर एकूण शुल्क ७० टक्के झालं आणि आवक कोसळली. सप्टेंबर २०२३ मध्ये जादा शुल्क हटलं. आयात फळावर चिकटवलेल्या लेबलवर ४०१५ असेल तर लहान रेड डेलिशियस, ४०१६ असेल तर मोठं. हे अंक वाण आणि आकार सांगतात, तोडणीची तारीख नाही.

पारख

घाऊक माल घेणाऱ्यानं एका वक्कलातून, म्हणजे मालाच्या एका गटातून, चार-पाच फळं चिरावीत. पिष्टाची चाचणी सोपी आहे. ८.८ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड थोड्या कोमट पाण्यात विरघळवायचं, त्यात २.२ ग्रॅम आयोडीन घालून पूर्ण विरेपर्यंत ढवळायचं आणि पाणी घालून १ लिटर करायचं. क्रम उलटा केला तर आयोडीन विरघळत नाही. फळ आडवं, मधोमध कापून कापलेला भाग या द्रावणात बुडवायचा, एक-दोन मिनिटं थांबायचं. जिथे निळं-काळं होईल तिथे पिष्ट शिल्लक आहे. सगळा काप काळा पडला तर फळ कच्चं तोडलेलं. गाभ्याभोवती पांढरं आणि फक्त सालीकडे काळं कडं, तर ते तयार झालं आहे. काळं काहीच नाही, तर लगेच खाऊन टाकायच्या लायकीचं. लांब साठवणीसाठी थोडं पिष्ट असलेलं फळ लागतं, महिन्याभरात विकायच्या मालात ते जवळपास संपलेलं असावं. द्रावण विषारी आहे, तपासलेलं फळ खाऊ नये, आणि बाटली काळ्या काचेची असावी, उजेडात द्रावण निकामी होतं.

पुष्कळ दिवस कोठीत असलेल्या मालाला ही चाचणी निरुपयोगी, कारण तिथे पिष्ट संपून जातं. तिथे गराचा घट्टपणा मोजणारं दाबमापक वापरतात. सफरचंदासाठी ११ मिलिमीटरचं टोक, साल सोलून विरुद्ध बाजूंना दोन वाचनं. डेलिशियसमध्ये आकडा १२ पौंडांच्या खाली गेला की पिठूळपणाची धास्ती धरावी.

घरच्या गिऱ्हाइकाला एवढी सामग्री लागत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात हिमाचलचं आणि त्यानंतर काश्मीरचं ताजं फळ येतं, तेव्हा देठाच्या खळग्यात बघावं. हिरवट रंग असेल तर सोडून द्यावं, पिवळट असेल तर घ्यावं. रेघा दिसणारं फळ गर्द काळसर लाल फळापेक्षा बहुधा उजवं निघतं, जरी आडत्या दुसऱ्याचा भाव जास्त सांगत असला तरी. नाकाजवळ धरून वास येतो का पाहावं. मार्च ते जून दिसणारं देशी डेलिशियस कोठीतलं असतं, त्यात सुवास शोधू नये, घट्टपणा पाहून घ्यावं.

महाराष्ट्रात लागवडीचा विचार करणाऱ्यांसाठी एक खबरदारी. रोपवाटिकेच्या पावतीवर ‘डेलिशियस’ लिहिलं असेल तर घेऊ नये. या कुळाला हिवाळ्यात ७ अंशांखालचे साधारण हजार तास लागतात, त्याशिवाय डोळे नीट फुटत नाहीत. थंड प्रदेशातसुद्धा ते स्वतःच्या परागावर धरत नाही, चारात किंवा तिनात एक झाड गोल्डन डेलिशियससारख्या परागदात्याचं ठेवावं लागतं. नाशिक-नगरकडे जे प्रयोग चालतात ते कमी थंडीवर फळणाऱ्या हरमन-९९, ॲना, डॉर्सेट गोल्डन यांचे. तो वेगळाच माल आहे, आणि त्याची पारख वेगळ्या निकषांवर करावी लागते.